फाळक्याला इलेक्ट्रिक लॉक लावण्याआधी

जुनी पिकअप बाळगणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. मागच्या फाळक्याला रिमोटवर चालणारं लॉक लावून घ्यायचं मनात असेल, तर वायरमनच्या दुकानासमोर गाडी उभी करण्याआधी तो फाळका एकदा खोलून बघा. हुक गंजलेले, दांड्या वाकलेल्या, बिजागरी ढिली, आणि त्यावर चकचकीत सेंटर लॉकचं किट. अशा गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत. रिमोट दाबला की ‘टक्’ असा आवाज येतो आणि मालक निर्धास्त होतो. फाळका मात्र एकाच बाजूच्या हुकावर उभा असतो.

फाळका धरून ठेवणं हे इलेक्ट्रिक लॉकचं कामच नाही. फाळका धरतात ते दोन्ही कडांचे हुक. ते हौद्याच्या खांबांवरच्या खुंट्यांना पकडतात. मधल्या हँडलपासून दोन दांड्या निघून या हुकांपर्यंत जातात. हँडल उचललं की दांड्या ओढल्या जातात, हुक सुटतात, फाळका खाली येतो. लॉकची छोटी मोटर यातलं काहीच ओढत नाही. ती फक्त हँडलच्या आतल्या एका पट्टीला आडवी येते, म्हणजे हँडल उचललं तरी दांड्या हलत नाहीत. लॉक चोराला अडवतं, मालाला नाही. चढावर गोण्या मागे सरकून फाळक्यावर रेलतात, तेव्हा सगळा भार हुक, खुंट्या आणि बिजागऱ्या झेलतात. खंबाटकीचा घाट असो की कसाऱ्याचा, तिथे रिमोट काय करणार?

दुसरी गोष्ट स्पष्टच सांगतो, दुकानदार सांगणार नाही म्हणून. हे लॉक सगळ्या गाड्यांसाठी नाही. छोटा हत्ती, बोलेरो पिकअप यांसारख्या मालवाहू गाड्यांचा फाळका कडेच्या बाहेरच्या खिट्ट्यांवर किंवा साखळी-हुकांवर बंद होतो. तिथे मधलं हँडल नाही, आतल्या दांड्या नाहीत, मोटर अडकवणार कशाला? अशा फाळक्याला जाड कडी-कोयंडा वेल्ड करून घ्यावा आणि चांगलं कुलूप लावावं. खर्च थोडा आणि बॅटरी उतरली तरी काम चालू. इलेक्ट्रिक लॉक शोभतं ते झेनॉन, स्कॉर्पिओ गेटअवे, व्ही-क्रॉस असल्या मधल्या हँडलच्या गाड्यांना. त्यातही हौद्यावर फायबरची कॅनोपी किंवा पक्कं झाकण असेल तरच. उघड्या हौद्यात चोर बाजूने हात घालून जॅक, स्टेपनी, पाण्याची मोटर काय हवं ते उचलतो. त्याला फाळका उघडायची गरजच नसते. उघड्या हौद्याच्या गाडीला हे लॉक लावायचं असेल तर हौस म्हणून लावा, सुरक्षा म्हणून नको. कॅनोपीखाली हत्यारं ठेवून गावोगाव फिरणारा प्लंबर, सोलर पंप बसवणारा, मंडपवाला, जनावरांचा डॉक्टर यांच्यासाठी मात्र ही खरंच सोयीची वस्तू आहे. दिवसातून चार ठिकाणी थांबायचं, दर वेळी मागे जाऊन चावी फिरवायची, त्यात एखाद्या वेळी विसरायचं, हे सगळं टळतं.

आता फाळका खोलण्याबद्दल. आतल्या बाजूला पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं झाकण स्क्रूंनी बसवलेलं असतं. जुन्या गाडीत ते स्क्रू गंजून बसलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर सकाळी डोकी तुटत नाहीत. झाकण निघालं की आधी तळाशी बघा. फाळक्याच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात, ती माती, भुसा, खताच्या भुकटीने बुजलेली असतात. कोकणात नि गोव्यात मासळीची वाहतूक करणाऱ्या गाड्यांत तर बर्फाचं खारट पाणी आत साचून पत्रा आतून सडलेला असतो, बाहेरून रंग शाबूत. तो पत्रा बोटाने दाबून बघा. दबला तर लॉकचा विषय तिथेच थांबवा, आधी पत्र्याचं काम करून घ्या.

मग दांड्या. दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या क्लिपा असतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने त्या ठिसूळ होतात आणि एक तुटली की कुणीतरी तारेने बांधून ठेवलेली असते. या क्लिपा नव्या घाला. वस्तू किरकोळ आहे, पण लॉकचं सगळं काम तिच्यावर उभं आहे. दांडी वाकलेली असेल तर सरळ करा. हुक रॉकेलने धुऊन, ब्रश मारून, थोडं ग्रीस लावा. ग्रीस फार थापू नका, धूळ चिकटून त्याचीच पेस्ट होते. फाळका बंद करून दोन्ही बाजूंनी जोराने हलवा. खडखडला तर खुंटीचे नट सैल करून ती किंचित पुढे-मागे सरकवा, कडेचे रबरी ठोकळे झिजले असतील तर बदला. हँडल एका बोटाने उचललं जाईल आणि दोन्ही हुक एकदम सुटतील, इतकं झाल्यावरच वायरिंगकडे वळा. मोटरची ताकद बेताची असते. हाताला जड लागणारी पट्टी ती काही दिवस कशीबशी ढकलते, मग जळते, आणि दोष किटला दिला जातो.

बाजारात सेंटर लॉकच्या मोटरी दोन प्रकारच्या मिळतात: दोन वायरची आणि पाच वायरची. पाच वायरचीत मोटरसोबत एक स्विच असतो. ती ड्रायव्हरच्या दारासाठी, म्हणजे ते दार बंद केलं की बाकीची आपोआप बंद व्हावीत म्हणून. फाळक्याला दोन वायरची पुरे. एका दिशेने करंट दिला की तिची दांडी बाहेर येते, उलट दिला की आत जाते. ही मोटर क्षणभराच्या झटक्यासाठी बनवलेली आहे. तिला सतत करंट मिळत राहिला तर ती तापून जाते. म्हणून साध्या चालू-बंद बटणावर ती जोडून देणाऱ्या कारागिराला हात जोडा आणि दुसरा शोधा.

मोटरची दांडी कुठे जोडायची, हा सगळ्यात नाजूक मुद्दा. तुमच्या हँडलला चावीचं लॉक असेल तर त्याच्या मागे एक छोटी पट्टी फिरताना दिसेल. मोटर तिथेच जोडायची, आणि चावीनेही ती पट्टी पूर्वीसारखी फिरली पाहिजे. हँडलला चावीच नसेल तर आधी चावीचं हँडल मिळवा. चोरबाजारातलं जुनं चालेल, पण चावी हवी. काही हौशी लोक मोटर थेट हुकांच्या दांड्यांना जोडायला सांगतात, म्हणजे बटण दाबलं की फाळका आपोआप उघडेल. दिसायला झकास. पण पावसात वायर कुठे शॉर्ट झाली किंवा खिशातल्या रिमोटचं बटण दाबलं गेलं, तर चालत्या गाडीत फाळका उघडणार. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या अंगावर एखादी सळई किंवा सिलिंडर जाऊन पडेल. हे करू नका. कुणी फुकट करून देतो म्हणाला तरी करू नका.

गाडीला आधीच सेंटर लॉक असेल तर काम सोपं आहे. दाराच्या मोटरकडे जाणाऱ्या दोन वायर टेस्ट लॅम्पने किंवा मीटरने तपासा. सर्वसाधारण रचनेत त्या एरवी दोन्ही अर्थिंगला असतात. बंद करताना एकीवर क्षणभर १२ व्होल्ट येतात, उघडताना दुसरीवर. त्याच दोन वायर मागे नेल्या की झालं, असं बहुतेक वायरमन म्हणतात, आणि बाहेरून बसवलेल्या किटच्या बाबतीत ते बहुधा चालूनही जातं. कंपनीच्या लॉकमध्ये मात्र कंट्रोलच्या मधल्या डब्यावर एका जादा मोटरचा भार टाकू नये. जुन्या गाडीचा तो डबा गेला तर चारही दारं गेली, आणि बदलायला तो सहज मिळतही नाही. त्याऐवजी पाच पायांचे दोन रिले वापरायला सांगा. दाराच्या दोन वायर एकेका रिलेच्या ८६ नंबरच्या पायावर, ८५ अर्थिंगला, ८७ला फ्यूजमधून आलेला बॅटरीचा करंट, ८७ए अर्थिंगला, आणि दोन्ही रिलेंच्या ३० नंबरमधून फाळक्याच्या मोटरची एकेक वायर. हे आकडे रिलेवरच छापलेले असतात. असं केलं की डबा फक्त इशारा देतो, भार रिले उचलतात. लॉक उलटं चालू लागलं, म्हणजे दारं बंद केल्यावर फाळक्याचं लॉक उघडलं, तर मोटरच्या दोन वायर अदलाबदल करायच्या, एवढंच.

सेंटर लॉक नसेल तर रिमोट, कंट्रोलचा डबा आणि मोटर असं वेगळं किट घ्यावं लागतं. दोन्हीकडे एक नियम पाळा: बॅटरीवरून घेतलेल्या वायरला बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवा. एका मोटरला १० अँपियरचा पुरतो. फ्यूज मागे फाळक्यापाशी बसवला, तर मधल्या सगळ्या लांबीला संरक्षण नाही. ती वायर चॅसीवर घासून उघडी पडली की थेट आगच. रिमोटच्या किटचा डबा गाडी उभी असतानाही थोडा करंट खात राहतो. हंगामापुरती चालणारी, एरवी शेडमध्ये उभी असलेली गाडी असेल तर बॅटरीची एक वायर काढून ठेवत जा.

वायर मागे न्यायची वाट म्हणजे टेललाइटची मूळ वायरिंग जिथून जाते तीच. कंपनीने सायलेन्सरची धग, ब्रेकचे पाइप, डिझेलची टाकी टाळूनच ती वाट काढलेली असते. मूळ वायरिंगला चीर पाडून जोड मारू देऊ नका. नवी वायर नळीत घालून वेगळी न्या आणि हातभर अंतराने बांधत जा. पत्र्याच्या भोकातून जाताना रबरी ग्रोमेट हवाच. पीळ मारून वर काळी टेप ही पद्धत घरच्या पंख्याला जमून जाते. गाडीच्या खाली, पावसात, प्रेशरच्या पाण्यात तो जोड हिरवा पडतो. जोड डाग देऊन किंवा क्रिंप करून वर गरम करून आवळणारी स्लीव्ह. अर्थिंगसाठी रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर बोल्ट, मग त्यावर ग्रीस.

हौद्यातून फाळक्यात शिरताना वायर दर वेळी वाकते, आणि तुटते ती बहुतेक वेळा तिथेच, वरचं प्लास्टिक शाबूत ठेवून आतल्या आत. तिथे बारीक तारांची लवचीक वायर वापरा, बिजागरीजवळून न्या, फाळका पूर्ण खाली पडला तरी ताण येणार नाही इतका झोळ ठेवा. हा झोळ भोकाच्या खाली लोंबला पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी आत न जाता खालीच टपकेल. आणि तिथेच एक वॉटरप्रूफ कपलर घाला. लांब पाइप किंवा बांबू भरताना आपल्याकडे फाळका काढून ठेवायची पद्धत आहे. कपलर नसेल तर माणूस घाईत वायर कापतो.

एक गोष्ट बहुतेक वायरमनच्या ध्यानीमनीही नसते. कॅनोपीच्या हौद्यात पोरं खेळायला शिरतात, हमाल दुपारी सावलीला आडवा होतो. बाहेरून कुणी सहज रिमोट दाबला की तो माणूस आत कोंडला जातो, आणि वैशाखातल्या उन्हात बंद कॅनोपी म्हणजे भट्टी. म्हणून हुकांच्या दोन्ही दांड्यांना एक पातळ केबल बांधून तिचं टोक आतल्या बाजूने, झाकणातून बाहेर काढून ठेवा. लॉक लागलेलं असतानाही ती ओढल्यावर हुक सुटले पाहिजेत. टोकाला लाल कापड बांधा, अंधारात हाताला लागेल असं. चोर कॅनोपी फोडून तिथवर पोचेल, ही शंका रास्त आहे. पण कॅनोपी फोडणाऱ्याला तुमच्या लॉकची फिकीर नसते.

राहिलं विम्याचं. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिक वस्तू पॉलिसीत वेगळ्या लिहून घ्याव्या लागतात, त्यासाठी थोडा जादा हप्ता पडतो. किटची पावती जपून ठेवा आणि नूतनीकरणाच्या वेळी एजंटला दाखवा.

काम झालं की वायरमन रिमोट दाबून दाखवेल, दारं नि फाळका एकदम वाजतील, आणि तुमचा हात खिशाकडे जाईल. तेवढ्यात त्याला बॅटरीची वायर काढायला सांगा. आता फाळका लावा, चावीने बंद करा, चावीनेच उघडा. एकाने आत बसून केबल ओढून बघा. मग बॅटरी जोडून, फाळक्यावर पाण्याचा पाइप भरपूर मारून पुन्हा रिमोट दाबा. हे सगळं जमलं तर पैसे द्या. यातलं एक जरी जमलं नाही, तर झाकण पुन्हा खोलायला लावा.