टोप उतरल्यावर

जालन्याच्या नाट्यगृहाला मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचं नाव आहे. मास्तर गंधर्व नाटक मंडळीतले. तिथे पुरुषाची बाई व्हायची ती शालूइतकीच केसांच्या जोरावर. तेच रूप ‘बालगंधर्व’ (२०११) चित्रपटात पुन्हा उभं केल्याबद्दल रंगभूषाकार विक्रम गायकवाड यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गावोगावच्या टोपवाल्याचं नाव मात्र नाटकाच्या पत्रिकेतही नसतं.

म्हणून हा अंक टोपांचा. जाळीवर आकडीच्या सुईनं एकेक केस गाठायचा, कपाळाची कड विरळ ठेवायची. ती दाट झाली की शेवटच्या रांगेलाही टोप कळतो. डोकं लहान असेल तर जाळीला मागे चुणी घालून टाके. कात्री अगदी शेवटी, कारण हे केस पुन्हा वाढत नाहीत!

आमचे हौशी संघ टोप भाड्यानं आणतात. तोच आज राजाला, उद्या नारदाला. प्रयोग संपला की घामासकट पिशवीत.

मंडळी, एवढं करा: कडेचा गोंद स्पिरिटनं पुसा, टोप सावलीत वाळवा, टोकांकडून विंचरा, साच्यावर ठेवा. कृत्रिम केसांना गरम चिमटा लावू नका, ते वितळतात. आणि पुढच्या पत्रिकेत टोपवाल्याचं नाव छापा.