ट्रॅप घरीच गुंडाळा
पुरात वीज गेली की मोबाइल मनोऱ्यांच्या बॅटऱ्या फार काळ तग धरत नाहीत. म्हणूनच परभणी जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या गंगाखेडला हॅम रेडिओ, म्हणजे हौशी बिनतारी संच, ही चैन नव्हे. ७ मेगाहर्ट्‌झच्या डायपोल अँटेनाला सुमारे २० मीटर तार लागते, १४ ला निम्मी. एकाच तारेवर दोन्ही बँड साधतात ते दोन बाजूंचे ट्रॅप: पीव्हीसी पाइपवर कोॲक्स केबलचे वेढे, एका टोकाची आतली तार दुसऱ्या टोकाच्या जाळीला जोडलेली. १४ वर ते वाट अडवतात, ७ वर सोडतात. यात थोडी ऊर्जा वाया जाते, बँडही अरुंद होतो, हा आक्षेप खराच. पण नीट जुळवलेल्या ट्रॅपमध्ये ही घट सोसण्याजोगी असते. खरी डोकेदुखी पावसाची, केबलच्या कापलेल्या टोकातून पाणी शिरते. ती टोके सीलबंदच हवीत. विकतचा अँटेना बिघडला तर परभणीत दुरुस्त कोण करणार? हॅम परवान्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा द्यावीच लागते. तिची तयारी आणि हे वेढे जिल्ह्यातल्या आयटीआयने एकत्रच शिकवावेत.