वेड पांघरलेले कल्याणकारी राज्य

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार ज्या पेडगावाशी जोडला जातो ते भीमाकाठचे, श्रीगोंदे तालुक्यातले. परभणी जिल्ह्यातले पेडगाव निराळे. परभणी आणि मानवत रोड या स्थानकांच्या मधले, रेल्वेमार्गावरचे, काळ्या जमिनीचे हे गाव. या पेडगावाच्या नावाने कोणतीही म्हण रूढ नाही. परंतु सगळे समजत असूनही न समजल्याचे सोंग आणून या पेडगावाच्या वाटेला तीस वर्षे कोणी गेले असेल, तर ते महाराष्ट्र शासन होय.

परभणी हा कापसाचा मुलूख. मानवत आणि सेलू या बाजारपेठा कापसावरच वाढल्या. १९७१ साली विधिमंडळाने कच्च्या कापसाची खरेदी, प्रक्रिया व पणन यांसंबंधीचा कायदा केला आणि १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. राज्यातील कापूस उत्पादकाने आपला सर्व कापूस शासनाच्या यंत्रणेलाच विकावा, दुसऱ्या कोणालाही विकू नये, परवानगीवाचून राज्याबाहेर नेऊ नये, असा तिचा सारांश. पुढे या कामासाठी कापूस उत्पादक पणन महासंघ स्वतंत्रपणे उभा राहिला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. त्याच १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले; आज ते नाईकांच्याच नावाने ओळखले जाते. एकीकडे शेतकऱ्याला नवे वाण आणि नवे ज्ञान द्यावयाचे आणि दुसरीकडे त्याच ज्ञानातून पिकलेल्या मालाचे गिऱ्हाईक निवडण्याचा अधिकार काढून घ्यावयाचा, ही दोन्ही कामे एकाच वर्षी, एकाच राज्यकर्त्यांनी केली.

योजनेमागील हेतू वाईट होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अडत्याची काटछाट, रुमालाखाली होणारे सौदे, वजनातील लबाडी, दिवाळीच्या तोंडावर पाडले जाणारे भाव, हे सर्व त्या काळच्या शेतकऱ्याने सोसलेले होते. व्यापारी संत नव्हता. आरंभीच्या वर्षांत अनेक शेतकऱ्यांनी योजनेचे स्वागत केले, ते उगीच नव्हे. हमीपेक्षा अधिक उत्पन्न झाले तर त्यातील ७५ टक्के उत्पादकाला आणि २५ टक्के किंमत चढउतार निधीला, अशी तरतूदही कागदावर मोठी आकर्षक होती. प्रश्न हेतूचा नाहीच. शासनाला शेतकऱ्याचा कापूस चांगल्या भावाने विकत घ्यावयाचा होता तर त्याने बाजारात उतरावे, व्यापाऱ्याहून दोन पैसे अधिक द्यावेत, वजनमाप चोख ठेवावे. शेतकरी आपल्या पायांनी त्याच्या दारी आला असता. मग बाकीची दारे बंद करण्याचे कारण काय? जो खरोखर अधिक देतो, त्याला दुसऱ्याचे दुकान बंद करावे लागत नाही.

बंद केलेल्या दाराआड काय चालले, हे मराठवाड्यातील ज्या पिढीने खरेदी केंद्रांवर रात्री काढल्या तिला विचारावे. केंद्रासमोर बैलगाड्यांच्या रांगा, काटा बंद पडल्याच्या सबबी, बारदान नाही म्हणून थांबलेली खरेदी, आणि सर्वांत शेवटी ग्रेडरचा शब्द. कापूस कोणत्या प्रतीचा, हे तो ठरवणार. त्याच्या शब्दावर क्विंटलमागे किती पडायचे ते ठरणार. आणि त्याचा निर्णय अमान्य असेल तर गाडी वळवून दुसरीकडे नेण्याची सोय नाही, कारण दुसरीकडे नावाचे स्थळच कायद्याने शिल्लक ठेवलेले नाही. ज्या अधिकाऱ्याच्या निर्णयाला पर्याय नसतो, त्याच्या टेबलाखाली काय वाढते हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. पुढे चुकाऱ्यांची प्रतीक्षा. सावकाराचे व्याज मात्र चुकारा निघेपर्यंत थांबत नसे.

साहजिकच कापूस वाट काढू लागला. बाहेर भाव चढला की तो रात्रीच्या अंधारात आदिलाबादकडे, खेतियाकडे, पांढुर्ण्याकडे जाई. सीमेवर नाके बसले, गाड्या अडवल्या जाऊ लागल्या, माल जप्त होऊ लागला. स्वतःच्या रानात, स्वतःच्या घामाने पिकवलेला कापूस भारताच्याच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणारा शेतकरी ‘तस्कर’ ठरला! मराठवाड्यातील वृद्धांना यात काही नवे वाटले नसावे. निजामाच्या राज्यात मालाच्या ये-जा वर जकात घेणारे करोडगिरीचे नाके होते आणि मुक्तिसंग्रामात तरुणांनी तेच नाके लक्ष्य केले होते. १९४८ च्या सप्टेंबरात निजामशाही संपली. चोवीस वर्षांनी नाके परत आले. या खेपेस शेतकऱ्याच्या कल्याणासाठी.

आणि हा प्रवाह एकाच दिशेने नव्हता, हा त्यातला विनोद. ज्या वर्षी बाहेरचा भाव कोसळे आणि शासन निवडणुकीकडे डोळा ठेवून चढा भाव जाहीर करी, त्या वर्षी शेजारच्या राज्यांतला कापूस महाराष्ट्रात शिरे. म्हणजे तेजीत आपला कापूस बाहेर, मंदीत परक्यांचा कापूस आत, आणि दोन्ही वेळी तोटा महाराष्ट्राच्या तिजोरीला. शेतकरी योजनेशी बेइमान आहे, असा ठपका तेव्हा मुंबईतील समाजवादी पंडितांनी ठेवला होता. आपल्या मालाला अधिक दाम मिळेल तेथे तो विकणे ही बेइमानी असेल, तर मुंबईच्या कापड गिरण्यांपासून मंत्रालयासमोरच्या पानवाल्यापर्यंत सगळे जगच बेइमान म्हणावे लागेल.

या योजनेचा खरा दोष मात्र तोट्यात नव्हता. तो १० डिसेंबर १९८६ रोजी सुरेगावात दिसला. सुरेगाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १९९९ पर्यंत तो सारा भाग परभणी जिल्हाच होता. कापसाच्या भावासाठी शेतकरी संघटनेने आंदोलन पुकारले होते. दोनच वर्षांपूर्वी, १९८४ मध्ये, संघटनेचे अधिवेशन परभणीत भरलेले. भाग पेटलेला होता. सुरेगावात पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. मुख्यमंत्री मराठवाड्याचेच, शंकरराव चव्हाण.

गोळी का झाडली गेली? कोणा एका अधिकाऱ्याच्या क्रौर्यामुळे, असे उत्तर सोपे आहे. पण क्षणभर विचार करावा. व्यापारी आणि शेतकरी यांच्यात भावावरून वाद झाला तर तो वादच राहतो. फार तर सौदा फिसकटतो आणि शेतकरी शेजारच्या अडतीवर जातो. परंतु गिऱ्हाईक एकच आणि तेही शासन, म्हटले की भावाची घासाघीस हा कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न बनतो. भाव परवडत नाही, हे सांगण्यासाठी शेतकऱ्याला रस्त्यावर यावे लागते, आणि रस्त्यावर आलेल्याशी बोलण्यास शासन पणन महासंघाचा व्यवस्थापक पाठवत नाही, पोलीस पाठवते. ज्याच्या एका हातात तराजू आणि दुसऱ्या हातात बंदूक आहे, त्याच्याशी सौदा करता येत नाही. शासनाने व्यापार करू नये असे म्हणण्यामागे नफ्यातोट्याहून मोठे कारण आहे ते हेच.

हा तराजू शासनाच्या हाती आला कसा, याची गोष्ट १९५१ मध्ये सुरू होते. मूळ राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने नागरिकाला कोणताही व्यवसाय वा व्यापार करण्याचे स्वातंत्र्य दिले होते. घटना लागू होऊन दीड वर्षही झाले नव्हते तोच पंडित नेहरूंच्या सरकारने पहिली घटनादुरुस्ती आणली. तिने इतर अनेक गोष्टींबरोबर, नागरिकांना पूर्णतः वा अंशतः वगळून एखादा व्यापार स्वतः करण्याची मुभा राज्याला दिली. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी संसदेत या दुरुस्तीला कडाडून विरोध केला. त्यांचा रोख मुख्यतः अभिव्यक्तीवरील निर्बंधांवर होता, हे खरे. पण लेखणीवरचा पहारा आणि तराजूवरचा पहारा एकाच विधेयकातून यावेत, हा योगायोग मानण्याइतके भोळे कोणी नसावे. १९५९ च्या जानेवारीत काँग्रेसने नागपुरात सहकारी शेतीचा ठराव केला, त्यालाही जनसंघाने विरोध केला. दीनदयाळ उपाध्याय यांना भांडवलदाराच्या हाती एकवटलेली सत्ता जितकी अमान्य होती, तितकीच राज्याच्या हाती एकवटलेलीही. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी दुसरा अर्धा भाग विसरून चालत नाही.

तो विसरला गेला, हे मात्र मान्य केले पाहिजे. १९९५ ते १९९९ महाराष्ट्रात युतीचे शासन होते आणि एकाधिकार खरेदी तशीच चालू राहिली. डंकेल प्रस्तावाच्या दिवसांत शरद जोशी खुल्या व्यापाराच्या बाजूने आणि स्वदेशीचे पुरस्कर्ते विरुद्ध, असा सामना झाला. त्या धुरळ्यात शेतकऱ्याच्या दारातील स्वातंत्र्याचा प्रश्न परदेशी कंपन्यांच्या प्रश्नात मिसळून गेला. परदेशी कंपनीला रोखणे आणि पेडगावच्या शेतकऱ्याला आदिलाबादला जाण्यापासून रोखणे, या दोन गोष्टींचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता.

अखेर २००२ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना कापूस खरेदीचे दार उघडावे लागले. तत्त्वाचा साक्षात्कार झाला म्हणून नव्हे. तिजोरीत पैसा उरला नाही म्हणून. त्यानंतर शेतकरी सुखी झाला काय? नाही. आत्महत्यांचे सत्र त्यानंतरही चालू राहिले, खेडा खरेदीत आजही वजनाची लबाडी होते, पैसे बुडवून पळणारे व्यापारी आजही निघतात. एकाधिकाराचे समर्थक याकडे बोट दाखवतात आणि ते दाखवणे रास्त आहे. पण वजनात लबाडी करणाऱ्याला, बोगस बियाणे विकणाऱ्याला, चुकारा बुडवणाऱ्याला पकडणे, हे तर राज्याचे पहिले काम. दंडशक्ती त्यासाठीच असते. ती फसवणाऱ्यावर चालावी. ज्याने कोणालाही फसवले नाही, केवळ आपले गिऱ्हाईक निवडले, त्याच्यावर नव्हे. आजही भारतीय कपास महामंडळ हमीभावाने कापूस घेते आणि भाव पडलेल्या हंगामात शेतकरी रांगा लावून तेथे जातो. त्याविरुद्ध कोणाची तक्रार नाही, कारण ते गिऱ्हाईक आहे, पहारेकरी नाही.

दार उघडले म्हणून पहारा उठला, असेही झाले नाही. तो राज्याच्या सीमेवरून देशाच्या सीमेवर गेला. ५ मार्च २०१२ रोजी केंद्रातील संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने कापसाची निर्यात एका फटक्यात बंद केली आणि आठवडाभरात निर्णय फिरवला. तो काँग्रेसचा स्वभावच, असे म्हणून समाधान मानता आले असते. परंतु ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा सरकार कोणाचे होते? ती बंदी ४ मे २०२४ रोजी, लोकसभेचे मतदान सुरू झाल्यावर उठली. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरील ११ टक्के आयात शुल्क उठवले गेले. आधी सप्टेंबरअखेर, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे नेमके नवा कापूस बाजारात येण्याच्या दिवसांत. भाव चढला की निर्यातीचे दार बंद आणि गिरण्यांनी हाक दिली की आयातीचे दार खुले, याला खुला बाजार म्हणत नाहीत.

याच सरकारने २०२० मध्ये बाजार समितीबाहेर विक्रीची मुभा देणारा आणि जीवनावश्यक वस्तू कायद्याचे दात काढणारा, असे दोन्ही कायदे केले होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. कडधान्यांचा भाव दीडपट झाल्याशिवाय साठ्यावर मर्यादा घालता येऊ नये, अशी तरतूद तेव्हा झाली होती. दिल्लीच्या सीमेवर वर्षभर आंदोलन चालले, १९ नोव्हेंबर २०२१ रोजी माघारीची घोषणा झाली, आणि १९५५ चा जुना कायदा दातांसह परत आला.

मराठवाड्यात कापसाच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ घेण्याची जुनी रीत आहे. जून २०२३ मध्ये केंद्राने तूर आणि उडीद यांच्या साठ्यावर मर्यादा घातली. जून २०२४ मध्ये पुन्हा तूर आणि हरभऱ्यावर. परदेशी तुरीला तर २०२१ पासून मोकळे रान मिळालेले. एकाच रानातील कापसाच्या ओळीला २००२ मध्ये आपले गिऱ्हाईक निवडता आले. तिच्या शेजारच्या ओळीतील तूर घेणाऱ्या व्यापाऱ्याने ती किती ठेवावी, हे अजूनही दिल्ली ठरवू शकते.