बैल वाचला म्हणता, मग हिशोब दाखवा

परवा रविवारी मामाकडे गेलो होतो. पनवेलपासून फार लांब नाही, पण आजूबाजूला टॉवर उठलेले असतानाही ज्या मोजक्या घरांत गोठा शिल्लक आहे, त्यातलं हे एक. मामाची नवी जोडी आलीय. खिलार, पांढरीशुभ्र, शिंगं अशी की बघतच राहावं. खुराकाला दूध, अंडी, शेंगदाण्याची पेंड, वर बदाम. मामी चहा देताना म्हणाली, "माझ्या गुडघ्याचं पुढच्या वर्षी बघू म्हणतात. बैलांचं मात्र आजच." सगळे हसले, मीही हसलो. गाडीत बसल्यावर मात्र ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

म्हणून हे लिहितोय. मामा, नात तुम्हाला हे वाचून दाखवणारच, तेव्हा आधीच पाया पडतो.

पहिलं सांगून टाकतो, मी बंदीवाला नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या तेव्हा मामा दोन दिवस नीट जेवला नव्हता, ते मी पाहिलंय. २०१७ मध्ये राज्याने कायदा केला, तोही कोर्टात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला. गावोगाव गुलाल उधळला गेला. माझ्याही शर्टावर होता.

आणि आपल्या भागात हे वेड का, तेही कळतं. १९८४ साली दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी लोक रस्त्यावर उतरले, उरण तालुक्यात गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर खाडी गेली, भातखाचरं गेली, आता डोक्यावरून विमानं जातात. ज्याच्याकडे नांगरायला गुंठाही उरला नाही, त्याच्या दारात बैल का? तर 'आम्ही शेतकरी आहोत' असं सांगणारं दारात दुसरं काही उरलेलंच नाही. हे मला कळतं, म्हणून मी शर्यतीला हसत नाही.

पण त्या सगळ्या वर्षांत आपण एकच गोष्ट ओरडून सांगत होतो. शर्यतीमुळे देशी गोवंश टिकतो, शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात, गावाचं भलं होतं. ठीक आहे. आता शर्यत मिळाली. मग ते भलं दाखवा ना!

माझी मावसबहीण ह्यूस्टनला असते. दर मार्चमध्ये ती तिथल्या लाइव्हस्टॉक शो आणि रोडिओचे फोटो पाठवते. १९३२ साली सुरू झालेलं हे गुरांचं प्रदर्शन. तीन आठवडे जत्रा, गाणी, उधळ्या बैलांवरची स्वारी. तीस हजारांच्या वर स्वयंसेवक बिनपगारी राबतात. १९५७ पासून या पैशातून मुलांना शिष्यवृत्त्या मिळतात, आणि आजवर शिक्षणासाठी दिलेली रक्कम ६० कोटी डॉलरच्या पुढे गेलीय. शाळकरी पोरं स्वतः वासरं वाढवून आणतात, त्यांचा लिलाव होतो. २०२२ साली पहिल्या नंबरचा गोऱ्हा १० लाख डॉलरला गेला!

तिथलं सगळं सोनं नाही. तो गोऱ्हा शेवटी खाटकाकडेच जातो. पळत्या वासराच्या गळ्यात दोर टाकून त्याला आपटण्याचा खेळ मला व्हिडिओतही बघवला नाही. त्यांची नक्कल करा असं मी म्हणतच नाही. पण धुरळा खाली बसल्यावर 'गावाला काय मिळालं?' असं विचारलं, तर त्यांच्याकडे आकड्यात उत्तर आहे.

आपल्याकडे काय आहे? फ्लेक्स, डीजे, फेटे. २०२२ साली पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत पहिलं बक्षीस जेसीबी होतं. बैलाने धावून काय जिंकलं, तर शेतं उकरणारं यंत्र. यावर मी काय बोलणार?

मामा म्हणेल, वडापाववाला, मंडपवाला, पेंडवाला, टेम्पोवाला सगळ्यांची चूल पेटते. आटपाडी-सांगोल्याकडच्या शेतकऱ्याच्या खोंडाला चांगला भाव येतो. अगदी खरं. पण भाव येतो तो पळणाऱ्या खोंडालाच. ज्या गाईच्या पोटी तो जन्मला, तिचं काय? खिलार गाय दूध थोडं देते, म्हणून तिला कोणी विचारत नाही. जात गाईमुळे टिकते हो! बिनजोड शर्यतीच्या कुठल्या पत्रिकेवर तुम्ही गाईसाठी बक्षीस वाचलंय?

आणि जो बैल आता पळत नाही तो? २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हणजे त्याला मरेपर्यंत पोसायचं. कोणी? ज्याने चार हंगाम त्याच्या नावावर गुलाल खेळला, त्याच्या खर्चाच्या वहीत म्हाताऱ्या बैलाचं पान नसतं.

राहिला कायदा. बैलाला इजा केली तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद, असं त्यात आहे. तरी मागच्या हंगामात एका ठिकाणी (नाव घेत नाही) गाडीवानाने बैलाची शेपटी दातांनी चावलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. लोक शिट्ट्या मारत होते. उद्या पुन्हा बंदी आली तर ती प्राणिमित्रांमुळे नाही, या शिट्ट्यांमुळे येईल.

मागणं फार नाही. प्रवेश फी किती जमली, देणग्या किती, खर्च किती, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. त्यातला ठरलेला वाटा म्हाताऱ्या बैलांच्या चाऱ्याला आणि गावातल्या पोरांच्या फीला द्या. आणि पहिलं बक्षीस उत्तम देशी गाईला द्या, मग छकडे सोडा. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जनावरांचा बाजार, कृषी प्रदर्शन आणि शर्यती एकत्र नांदतात, म्हणजे आपल्या मातीत हे अशक्य नाही.

असो. मामा, रागावू नका. पुढच्या रविवारी येतोय. जोडी बघायला नाही, मामीला गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायला. तुम्हीही सोबत चला. बैलांना त्या दिवशी पाणी पोरं दाखवतील.