तूर एकच, कागद किती?

आमचं थोडं रान कमलनगर तालुक्यात, थोडं पलीकडं उदगीर तालुक्यात. माती तीच, तूरही तीच. पण अलीकडं ‘पहाणी’, पलीकडं सातबारा. अलीकडं एफआयडी, पलीकडं फार्मर आयडी. अलीकडं ‘बेळे समीक्षे’, पलीकडं ई-पीक पाहणी. दोन राज्यं आहेत, दोन नोंदी समजू शकतो. पण एकाच राज्यात तेच ते कागद पुन्हा पुन्हा कशाला?

2024-25 च्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला 7550 रुपये होता. आबा एका खरेदी केंद्रावर गेले. आधारवरचं नाव आणि कन्नड पहाणीतलं नाव यात एका अक्षराचा फरक निघाला. तीन चकरा झाल्या. शेवटी आबा म्हणाले, “जाऊ दे बाबा, घरात पैसा लागतोय.” तूर अडत्याकडं गेली, हमीभावापेक्षा कमी दरानं.

एफआयडीला आधार, बँक खातं आणि सर्व्हे नंबर आधीच जोडलेले असतात. मग प्रत्येक खिडकीवर त्याच झेरॉक्स का? विम्यात तूर आणि पीक समीक्षेत सोयाबीन लागलं, तर भरपाई अडकते. चूक नोंदणाऱ्याची, भुर्दंड शेतकऱ्याला.

‘गुलबर्गा तूरडाळी’ला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डाळीला ओळख मिळाली. पिकवणारा मात्र दर हंगामात आपली ओळख पटवत फिरतोय.

सगळे नियम मोडा, असं मी म्हणत नाही. वजनकाट्याची तपासणी, उघड लिलाव, हमीभाव हे हवेतच. शेतकऱ्याच्या नावावर व्यापाऱ्यानं माल घालू नये म्हणून नोंदणीही हवी. पण ती एकदाच.

म्हणून मागण्या तीनच: पिकाची एकच नोंद खरेदी, विमा आणि भरपाईला चालावी. नावातला किरकोळ फरक केंद्रावरच मिटावा. आणि अर्ज, सूचना मराठीतही मिळाव्यात. संविधानाच्या कलम 350 नुसार आपलं गाऱ्हाणं मराठीत मांडायचा हक्क आपल्याला आहेच.

तोवर एक काम करा. आज घरी गेल्यावर ‘बेळे दर्शक’ ॲप उघडा, आपल्या सर्व्हे नंबरवर कोणतं पीक लागलंय ते बघा. चुकलं असेल तर मुदतीत हरकत घ्या. शेजारच्या काकांचंही बघा. त्यांना कन्नड वाचता येत नसेल, तुम्हाला येतं ना?