विश्लेषण : आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी ठिपके का पाहावेत?

अमुक वाढले की तमुक घटते, अशी विधाने सरकारी अहवालांत आणि आम्हा माध्यमांच्या मथळ्यांत नेहमीच दिसतात. त्यामागे अनेकदा ‘सहसंबंध गुणांक’ हा उणे १ ते अधिक १ यांदरम्यानचा एकच आकडा असतो. तो किती फसवा ठरू शकतो, याचे उत्तम उदाहरण अंटार्क्टिकातील पेंग्विनचे आहे.

पेंग्विनच्या नोंदींत काय आहे?

पामर द्वीपसमूहावर २००७ ते २००९ या काळात अॅडेली, चिनस्ट्रॅप आणि जेंटू या तीन प्रजातींच्या ३४४ पेंग्विनच्या नोंदी घेण्यात आल्या. चोचीची लांबी, चोचीची जाडी, पंखांची लांबी आणि वजन ही चार मोजमापे त्यात आहेत. ही विदा सर्वांसाठी खुली आहे. सगळे पेंग्विन एकत्र धरले, तर चोचीची लांबी आणि जाडी यांचा गुणांक सुमारे उणे ०.२४ येतो. म्हणजे चोच जितकी लांब, तितकी बारीक!

मग चूक कुठे?

ती स्कॅटर प्लॉट मॅट्रिक्समध्ये दिसते. चार मोजमापांसाठी चार ओळी आणि चार रकाने, म्हणजे १६ चौकटी. कर्णावरच्या चार चौकटींत एकेका मोजमापाचा विस्तार दिसतो. उरलेल्या १२ चौकटींत सहा जोड्यांचे आलेख प्रत्येकी दोनदा येतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पेंग्विन. ठिपक्यांना प्रजातीनुसार रंग दिला की तीन वेगळे पुंजके दिसतात आणि प्रत्येक पुंजका वर चढणारा असतो. अॅडेलीचा गुणांक ०.३९, जेंटूचा ०.६४, तर चिनस्ट्रॅपचा ०.६५. जेंटूची चोच लांब पण कमी जाड, अॅडेलीची आखूड पण जाड असते. त्यामुळे एकत्रित आकडा उलटा येतो. यालाच ‘सिम्पसनचा विरोधाभास’ म्हणतात.

या चित्राला मर्यादा नाहीत का?

आहेत. दहा मोजमापे घेतली की ४५ जोड्या होतात आणि चित्र वाचवत नाही. प्रत्येक चौकटीत दोनच मोजमापांचा संबंध दिसतो आणि त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. रंग कशानुसार द्यायचा, हेही विषय समजणाऱ्या माणसालाच ठरवावे लागते.

आपल्याला याचे काय?

कोकणातला धो धो पाऊस आणि मराठवाड्यातली तूट एकाच ढिगात टाकून पाऊस आणि उत्पन्न यांचा संबंध काढला, तर तो दोन्हीकडच्या शेतकऱ्याला लागू पडेलच असे नाही. धोरण मात्र त्याच आकड्यावर ठरू शकते. पायथॉनमध्ये हे चित्र काढायला जेमतेम एक ओळ लागते. त्यामुळे वेळ नव्हता, ही सबब चालणार नाही. सहसंबंधाचा दावा करणाऱ्या प्रत्येक अहवालाने गटवार ठिपके आणि मूळ विदाही द्यावी. ती मिळेपर्यंत आम्हीही तो आकडा मथळ्यात घेऊ नये.