हाडं घडण्याचं वय आणि अंड्याचं राजकारण

पोलीस भरतीची मैदानी चाचणी झाली की आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक-दोन पोरं गप्प बसलेली दिसतात. धावण्यात ती कमी पडलेली नसतात, अभ्यासातही नसतात. मोजपट्टीखाली कमी पडलेली असतात, तेही एखाद-दीड सेंटिमीटरने. मुलांना १६५ आणि मुलींना १५५ सेंटिमीटर उंची लागते. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला वयाची सवलत आहे, उंचीची नाही. मग कुणी उंची वाढवणारी पावडर आणतो, कुणी झाडाला लटकतो. घरचे म्हणतात, "आपल्या खानदानातच कुणी उंच नाही, बाळा."

हे खानदानाचं उत्तर आम्हाला पटत नाही.

आधी शरीर काय करतं ते समजून घेऊ. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पट्टी असते, हाड तिथे लांब होतं. वयात येताना संप्रेरकांमुळे हा वेग एकदम वाढतो. मुलींमध्ये साधारण ११-१२ व्या वर्षी, मुलांमध्ये १३-१४ व्या वर्षी तो सर्वाधिक असतो. पुढे इस्ट्रोजेनमुळे ही पट्टी बंद होते, मुलग्यांमध्येसुद्धा. एकदा ती बंद झाली की कुठलीही पावडर उंची वाढवू शकत नाही. हाडांत खनिजं भरण्याचं काम विशीपर्यंत चालतं, पण त्यातला मोठा वाटा याच चार-पाच वर्षांत भरतो. म्हातारपणी आपल्या आईचं खुब्याचं हाड पाय घसरताच मोडेल का, याचा बराचसा हिशेब तिच्या कुमारवयात झालेला असतो.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, तो आम्ही नाकारत नाही. पण ती फक्त कमाल मर्यादा ठरवते. तिथवर पोहोचायला कॅल्शियम, प्रथिनं, ऊन आणि धावणं-उड्या मारणं लागतं. १३ ते १५ वयाच्या मुलाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. चहा-पावावर वाढणाऱ्या पोराला ते कुठून मिळणार? शिवाय नुकसान पाळण्यातच सुरू झालेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के बालकं वयाच्या मानाने खुजी आहेत. इतकी मुलं एकाच वेळी खुजी असतील, तर दोष खानदानाचा कसा?

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन'मध्ये हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने मांडला होता. जातीमुळे वंश सुधारतो म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारलं की मग या देशातली माणसं खुरटलेली आणि लष्कराला अपात्र का? आज आपलीच माणसं खुजेपणाला नशीब म्हणत असतील, तर तोच जुना वंशवाद आपण घरात घेतला आहे.

आता सरकारकडे बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याचा निर्णय झाला. जे अंडं खात नाहीत त्यांना केळं. म्हणजे सक्ती कुणावरच नव्हती. तरी विरोध झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचा निधी थांबवला. शाळांनी लोकवर्गणीतून बघावं म्हणे! वर्गणी देऊ शकणाऱ्या पालकांची मुलं या शाळांत असतात का? आणि हा आहार आठवीपर्यंतच. मुलग्याची हाडं सर्वात वेगाने वाढत असतात, नेमकं तेव्हाच त्याचं ताट काढून घेतलं जातं.

पण सगळं खापर सरकारवर फोडून आपण सुटत नाही. पाळी आली की मुलीचं मैदान बंद करणारे आपणच आहोत. अंडं एकच असेल तर ते भावाच्या ताटात जातं. आणि राज्यातल्या २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के स्त्रियांचं लग्न १८ वर्षांच्या आत झालेलं आहे. जिची स्वतःची हाडं अजून भरताहेत, तिच्याच शरीराकडून आपण बाळाची हाडं मागतो. धम्म घेतलेल्या घरांना हे शोभत नाही.

म्हणून यंदाच्या जयंतीच्या बैठकीत डीजेच्या आधी हे विषय घ्या. अंड्याचा निधी पुन्हा सुरू व्हावा आणि पोषण आहार दहावीपर्यंत मिळावा, यासाठी ग्रामसभेचा ठराव करा. शाळा व्यवस्थापन समितीत आपला माणूस पाठवा. विहाराच्या अंगणात संध्याकाळी मुलींची कबड्डी सुरू करा. घरी नाचणी आणा, १०० ग्रॅममध्ये तिच्यातून सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे सांगताना ज्या शरीराने संघर्ष करायचा, त्याचाही विचार आपण केला पाहिजे. अभ्यासिकेतल्या त्या पोराला आता आपण उंची देऊ शकत नाही. त्याची बहीण सहावीत आहे. तिच्यासाठी वेळ अजून गेलेली नाही.

जय भीम!